एकतीस घागरी

धोंडाबाईला सगळं गाव भांडखोर म्हणे. मीही म्हणत असे. आंदर मावळातल्या त्या गावात मी नऊ वर्षं मास्तरकी केली, पण ह्या बाईनं मला कधी स्वस्थ बसू दिलं नाही. शाळेचं छप्पर गळतंय, लिवा. ओढ्यावरची फळी मोडलीय, लिवा. वडगावच्या कचेरीत जाणारा प्रत्येक अर्ज माझ्या हातचा, अंगठा तिचा.

तिची सून कस्तुरा आठव्या महिन्यात होती, तेव्हा नदीच्या उतरणीवर घागरीसकट पडली. पोटातलं बाळ गेलं, दुसऱ्या दिवशी तीही गेली. त्यानंतर धोंडाबाईनं एकच ध्यास घेतला: गावात विहीर झाली पाहिजे. छत्तीस साली सरकारनं विहीर मंजूर केली, तेव्हा तिनं घरोघर गूळ वाटला.

ठेकेदारानं काय केलं? चौदा हातांवर काळा खडक लागला, तशी खोदाई थांबवली. कागदावर मात्र पस्तीस हात. वरचा कठडा असा देखणा बांधला की बघत राहावं, आणि त्यावर एका बड्या साहेबाच्या नावाची पाटी बसवली. माघ सरायच्या आत विहीर ठणठणीत कोरडी. मी संतापून नेहमीपेक्षा लांब अर्ज लिहिला. लिहिणाऱ्याचं नाव तेवढं टाकलं नाही. मी पडलो सरकारी नोकर.

चैत्रात तपासणीसाठी पुण्याहून साहेब यायचा होता. त्या दिवशी सकाळीच धोंडाबाईनं गावातल्या बायका गोळा केल्या. साती आसरा म्हणजे पाण्याच्या देवता. त्यांची ओटी भरायची आणि साहेबाच्या हातून खरं लिहून होऊ दे म्हणून साकडं घालायचं. पण कोरड्या ठिकाणी आसरा राहत नाहीत, मग ओटी भरायची कुणाची? म्हणून एकतीस बायकांनी नदीवरून एकेक घागर आणली आणि विहिरीत ओतली. शाळा विहिरीच्या समोरच. ओसरीवर उभं राहून मी सगळं पाहिलं. ह्याचं काय होऊन बसेल, हे शिकलेल्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं. मला तर गंमत वाटत होती.

साहेब आला. कठड्यावरून वाकला आणि आत एक खडा टाकला. डुबुक आवाज झाला.

"पाणी आहे की," तो कारकुनाला म्हणाला.

धोंडाबाई पुढं झाली. "सायेब, त्ये पानी आमी वतलंय. आज सकाळच्याला. आसरांसाटी."

कारकून खो खो हसला. "अहो बाई, विहिरीतून पाणी काढतात. ओतत नाहीत."

साहेब हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता. माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, "मास्तर, ही बाई म्हणते ते खरं का?"

नुसतं 'होय' म्हणायचं होतं. पण माझ्या अक्षरातला तो अर्ज त्याच्या हातात होता, आणि घरची पाच तोंडं माझ्या डोळ्यांपुढं आली.

"मी वर्गात होतो, साहेब. पाहिलं नाही."

धोंडाबाईनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पदर सारखा केला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. तिला वाचून दाखवायलाही मीच. 'पाहणीच्या दिवशी विहिरीस पाणी आढळले. तक्रार निराधार आहे. दुसऱ्या विहिरीची मागणी पुन्हा करू नये.' त्याखाली आणखी एक ओळ होती: 'स्थानिक शिक्षकांनीही बाईच्या म्हणण्यास दुजोरा दिला नाही.' ती मी वाचली नाही.

"संपलं?" तिनं विचारलं.

"संपलं."

ती वाकून त्या कागदाकडं बघू लागली. तिला एक अक्षर येत नव्हतं, तरी मी त्या ओळीवर अंगठा दाबून धरला होता.

"मास्तर, अर्ज तुमी लिवला, आसं कुटं आलं न्हाई न्हवं त्यात?"

"नाही."

"मंग बरं झालं," धोंडाबाई म्हणाली. "लेकरंबाळं हायती तुमची."