लातिक मागितलं, लातिक वाढलं

हिलोंगोसच्या बाजारात एपिफानिया सुमालिनोग हे नाव विचारलेत तर कोणी पत्ता सांगू शकणार नाही. नांग पानिंग म्हणा, पानिंगमावशी म्हणावे तसे, म्हणजे तीनचाकीवाला सरळ तिच्या दारात नेऊन सोडेल आणि वाटेत विचारेल, कंबर धरली आहे की घरी कार्य आहे? माणसे तिच्याकडे या दोनच कामांसाठी जातात. धरलेली पाठ, मुरगळलेला घोटा, लचकलेली मान ती नारळाच्या तेलाने चोळून सरळ करते. आणि बारसे असो, लग्न असो, गावची जत्रा असो की कोणी गेल्याचा नववा दिवस, बिको तिच्याच हातचा लागतो.

बिको म्हणजे चिकट तांदळाचा गोड भात. तांदूळ, नारळाचे दूध, काळी साखर आणि आल्याचा एक ठेचलेला तुकडा, याखेरीज त्यात काही नसते. एवढ्या थोड्या जिनसांत चूक लपवायला जागाच राहत नाही, असे पानिंगचे म्हणणे. हल्ली बाजारात नारळाच्या दुधाच्या पुड्या मिळतात. गावातल्या एका सुनेने तिला तशी पुडी दाखवली तेव्हा पानिंगने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "हा नारळाचा फोटो आहे. फोटोतून दूध कसं निघायचं?" ती नारळ स्वतः फोडते, खवणीच्या पाटावर बसून स्वतः खवते, पहिले घट्ट दूध वेगळे पिळते आणि दुसरे पातळ वेगळे. वय सदुसष्ट. मनगटे पाहिली तर चाळिशीची वाटावीत.

तिचा नवरा बोनिफासियो माडी काढायचा. आयुष्यभर दिवसातून दोन वेळा माडावर चढला आणि गेला मात्र खाटेवर, साध्या तापाने. "पडून नाही मेला," हे पानिंग आजही ठासून सांगते. नवऱ्याच्या हुशारीचे याहून मोठे प्रशस्तिपत्र तिला ठाऊक नाही. त्यांना एकच मुलगी होती. ती आजाराने गेली तेव्हा तिची पोर लिझेल तीन वर्षांची होती. पोरीचा बाप त्याआधीच मनिलाला गेला होता, तो गेलाच. लिझेलला पानिंगने वाढवले, शिकवले, सेबू शहरातल्या एका हॉटेलात स्वागतकक्षात नोकरीला लागलेले पाहिले. आता लिझेल सव्वीस वर्षांची होती आणि त्याच हॉटेलात एसी दुरुस्त करणाऱ्या जेरिको दिमायुगाशी तिचे जमले होते. मुलगा बातांगासचा, म्हणजे दूर उत्तरेचा, तगालोग बोलणारा. दिमायुगा या आडनावाचा अर्थ त्यांच्या भाषेत 'न हलणारे' असा होतो. लिझेलने तो सांगितला तेव्हा पानिंग म्हणाली, "बरं आहे. निदान पळून जाणारे नाहीत."

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या चौथ्या शनिवारी मुलाकडची माणसे मागणी घालायला येणार असे ठरले. मुलाचे आईवडील येणार होतेच, पण खरा शब्द चालायचा तो त्याच्या आजीचा, लोला तान्सिंगचा. आजीला सगळीकडे लोलाच म्हणतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई भुवई उचलून घर चालवते, असे जेरिकोच सांगायचा.

बुधवारी लिझेलचा फोन आला. तिने सांगितले ते एवढेच, की जेरिकोच्या आजीला बिको आवडतो, पण वर लातिक नसेल तर ती ताटाला हात लावत नाही. तेव्हा भरपूर घाल.

"लातिकशिवाय बिको असतो का?" पानिंग म्हणाली. "उद्या सांगतील, तांदूळ शिजवूनच वाढा म्हणून."

"लोला, चिडू नकोस. त्याने दोनदा बजावलंय म्हणून सांगितलं."

"चिडले नाही, इंदाय, पोरी. दुप्पट घालते."

यात पानिंगचा जीव गुंतला होता, तो निव्वळ हातच्या नावलौकिकासाठी नव्हे. तिची आई म्हणायची, मागणी घालायला आलेल्यांनी बिको खाल्ला की सोयरीक चिकटली. हात न लावता उठले तर बोलणी कितीही गोड होवोत, ती सुटून येतात. पानिंगच्या थोरल्या बहिणीच्या वेळी पाहुण्यांची होडी सुटत होती, म्हणून ते घाईने तसेच उठले. चार महिन्यांत तो मुलगा दुसरीकडे बोहल्यावर चढला. त्या वेळी पानिंग अकरा वर्षांची होती. ताटातला बिको तिनेच संपवला होता, आणि त्याचे तिला अजून वाईट वाटते.

शुक्रवार हा तिचा तेलाचा दिवस. नारळाचे दूध कढईत कढवत ठेवायचे. पाणी आटते, तेल सुटते आणि तळाशी तांबूस बेरी उरते, लोणी कढवल्यावर तुपाखाली राहते तशीच. तेल बाटल्यांत भरायचे चोळण्यासाठी. बेरी एका वाडग्यात काढायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोंड्यात मिसळून कोंबड्यांना घालायची. पाहुणे येणार म्हणून शुक्रवार चुकवावा असे तिच्या मनातही आले नाही. वाडगा झाकून तिने फळीवर ठेवला आणि संध्याकाळी सहाला तांदूळ भिजत घातले.

शनिवारी पहाटे साडेचारला चूल पेटली. दुसऱ्या दुधात आले आणि चिमूटभर मीठ घालून भात अर्धवट शिजवला. दुसरीकडे मोठ्या कढईत पहिले दूध आणि काळी साखर. हाच तिचा लातिक: ढवळत, आटवत काकवीपेक्षा दाट होऊ द्यायचा, कालथ्यावरून पडताना त्याची पट्टी पडली पाहिजे. त्यातला निम्मा भातात घालून घोटायचा, गोळा कढईच्या कडा सोडेपर्यंत. इथेच लोक थकतात आणि लवकर उतरवतात. पानिंग थकली नाही. केळीची पाने निखाऱ्यावरून फिरवून तिने मऊ केली, बांबूच्या गोल सुपात पसरली, त्यांना तेल चोळले, वर बिको थापला आणि उरलेला सगळा लातिक वरून ओतला. सूप आरशासारखे चमकू लागले.

शेजारची बेब्यांग नारळाच्या करवंट्या न्यायला आली होती. ती वाकून बघत म्हणाली, "नांग, एवढा लातिक? विहीण पोहायला येणार आहे का?"

"येऊ दे. बुडाली तरी चालेल, गोड मरण येईल."

दहा वाजून चाळीस मिनिटांनी गाडी दारात थांबली. जेरिकोने आणि त्याच्या आईवडिलांनी पानिंगचा हात कपाळाला लावला. तान्सिंगने लावला नाही. ती वयाने मोठी होती. सडसडीत, ताठ बाई, दोन सोन्याचे दात, हातात घरच्या कॉफीची पिशवी. "ही आमच्या झाडांची, मिसिस," असे म्हणून तिने पिशवी पुढे केली. मिसिस म्हणाली, विहीण म्हणाली नाही, हे पानिंगच्या लगेच लक्षात आले.

पानिंगचे तगालोग टीव्हीवरच्या मालिकांतून आलेले. त्यामुळे भांडणाची वाक्ये तिला पक्की येत आणि स्वागताची कच्ची. तरी जेवण नीट झाले. मासे झाले, डुकराचे मटण झाले, जेरिकोच्या वडिलांनी आपले म्हणणे रीतीप्रमाणे वळणावळणाने मांडले, आणि पानिंगने रीतीप्रमाणे ते पटकन न समजल्यासारखे केले. मग सूप मध्ये आले. पहिली वडी तान्सिंगच्या ताटलीत गेली.

तिने ताटली किंचित फिरवून पाहिली. "लातिक नाही घातलं?"

"घातलंय की," पानिंग म्हणाली. "भरपूर."

तान्सिंगने पुन्हा पाहिले. मग शांतपणे म्हणाली, "मला दिसत नाही."

म्हातारीची नजर गेली असावी, किंवा उत्तरेकडे याहूनही जास्त घालत असतील, असा पानिंगने विचार केला. ती आत गेली, कढईत खरवडून राहिलेला पाक पळीभर घेऊन आली आणि तान्सिंगच्या वडीवर ओतला. वडी जवळजवळ दिसेनाशी झाली. लिझेल आणि जेरिको अंगणात गाडीवाल्याला जेवायला वाढत होते, नाहीतर कोणीतरी मध्ये बोलले असते.

तान्सिंगने ताटली दोन बोटांनी पुढे सारली. आपल्याला साखर फारशी सोसत नाही, असे ती आपल्या मुलाला, जेरिकोच्या वडिलांना, म्हणाली. सुनेने आपला चमचा खाली ठेवला, मुलानेही ठेवला. सासूने खाल्ले नाही तिथे ती खाणारी नव्हती. मग चर्च किती लांब आहे, ऊन उतरण्याआधी निघायला हवे का, असे बोलणे निघाले. लग्नाच्या तारखेचे बोलणे कुठल्या कुठे गेले. तान्सिंग उठली आणि दाराशी चपलेत पाय घालू लागली.

पानिंगच्या डोळ्यांसमोर बहिणीच्या वेळचे ते ताट आले. पण ती अकरा वर्षांची राहिली नव्हती. ती दारात जाऊन उभी राहिली, आणि तिथून वाट न देता म्हणाली, "मिसिस, चाळीस वर्षं मी या गावाला बिको खाऊ घालतेय. हात न लावता कोणी उठलेलं नाही. माझ्या हातात काय खोट आहे ते सांगा आणि मग खुशाल जा."

हे वाक्य अर्थातच मालिकेतले होते, पण तिने ते मनापासून म्हटले.

तान्सिंग एका पायात चप्पल घालून थांबली. "खोट हाताची नाही. मी लातिक मागितलं, तुम्ही आहे म्हणालात. परत मागितलं तर वर पाक ओतलात. आमच्याकडे पाहुण्याला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणतात, चेष्टा करत नाहीत."

"पाक ओतला म्हणजे लातिकच ओतला."

"पाक म्हणजे लातिक कसा? लातिक खायचं असतं, कुरकुरीत. दूध आटून तेल सुटलं की तळाला राहतं ते."

पानिंगने हळूच विचारले, "तांबूस? दाण्यादाण्याचं?"

"तेच."

"अहो, ते मी कोंबड्यांना घालते."

जेरिकोचा बाप आधी हसला. त्याच्या बायकोने तोंडाला रुमाल लावला. आवाज ऐकून लिझेल आत आली, आजीकडून काय झाले ते कळल्यावर तिने कपाळावर हात मारला आणि मागून आलेल्या जेरिकोला विचारले, "तू लातिक म्हणालास ते कुठलं?" तो म्हणाला, लातिक म्हणजे लातिक, त्यात कुठलं काय? दोन वर्षे बरोबर होती ती पोरे. प्रेमाच्या सगळ्या गोष्टी बोलून झाल्या होत्या, ही एक राहिली होती.

तान्सिंग मात्र हसली नाही. "कोंबड्यांना?" तिने खात्री करून घेतली. "रोज?"

"शनिवारी. आजच घालायची होती." पानिंग वळली, फळीवरचा वाडगा काढला, झाकण उचलून तिच्यासमोर धरला. खोबऱ्याचा खमंग वास दारापर्यंत आला.

तान्सिंगने चप्पल काढली. दोन दाणे चिमटीत घेतले, पुढच्या दातांनी फोडले, जिभेवर घोळवले. परीक्षा घेणाऱ्या बाईचे तोंड होते ते. "अंमळ जास्त भाजलंय, ए," ती म्हणाली. वाक्याच्या शेवटी 'ए' लावायची ही बातांगासची सवय. दिवसभरात पहिल्यांदाच तिच्या तोंडून तो ए निघाला होता. "पण दूध चांगलं आहे. पुडीतलं नाही."

"पुडीचं नाव माझ्या घरात काढू नका."

"माझ्याही घरात नाही काढत."

ती जागेवर येऊन बसली. पानिंगने नवी वडी वाढायला घेतली तेव्हा तिने हातानेच थांबवले आणि पाकात बुडालेली तीच ताटली ओढून घेतली. बेरी मूठभर पसरली आणि चमचा खाली घातला. वडी ताटलीला चिकटली होती. ती उचलताना लांब तार आली आणि तुटता तुटेना. पानिंग त्या तारेकडे पाहत होती. तान्सिंगने पहिला घास चावला, दुसरा घेतला. तिसऱ्या घासानंतर सुनेने आणि मुलानेही चमचे उचलले.

"खाली पाक आणि वर लातिक," तान्सिंग ताटली निपटत म्हणाली. "आमच्याकडे हे कोणाला सुचलं नाही."

"खाली लातिक आणि वर कोंबड्यांचं," पानिंगने दुरुस्त केले.

दुपारी तारीख ठरली: सत्तावीस डिसेंबर, शनिवार, हिलोंगोसच्याच चर्चमध्ये. दिमायुगांना लग्न बातांगासला हवे होते. पानिंगने त्यावर फार वाद घातला नाही. प्रवासाने आखडलेला तान्सिंगचा उजवा गुडघा मांडीवर घेऊन ती वीस मिनिटे ताजे तेल चोळत राहिली. गुडघा सैल झाल्यावर तान्सिंगच म्हणाली की मुलीच्या गावी लग्न ही जुनी रीत वाईट नाही. पण डिसेंबरात येताना लातिक आपण स्वतः करून आणणार, इथले जरा करपते, हेही तिने सांगून टाकले.

"आणा," पानिंग म्हणाली. "फक्त माझ्या लातिकावर घालायचं."

गाडीत बसताना तान्सिंगच्या मांडीवर केळीच्या पानात बांधलेला बिको होता आणि हातात काळ्या पाकाची बाटली. तिने काच खाली केली. "विहीणबाई," तिने हाक मारली, "या बाटलीवर नाव काय लिहू? घरी कोणी विचारलं तर?"

"लातिक लिहा," पानिंग म्हणाली. "भांडण झालं तर मला फोन करा."

गाडी वळणापलीकडे गेली तेव्हा कोंबड्या मागच्या दाराशी नेहमीच्या जागी जमल्या होत्या. शनिवार त्यांना बरोबर कळतो. पानिंगने त्यांच्यापुढे नुसता कोंडा टाकला. तुरेवाला कोंबडा मान वाकडी करून तिच्याकडे पाहत राहिला.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "तुझा वाटा बातांगासच्या विहिणीने खाल्ला."