आबांचा डावा पाय

तो मेकॅनिक अमळनेरहून आमच्या शेतात एकदाच आला, पण त्याची आठवण झाली की अजून माझा जळफळाट होतो.

आमच्या जुन्या ट्रॅक्टरचा क्लच घसरत होता. इंजिन नुसतं बोंबलायचं आणि कपाशीने भरलेली ट्रॉली जागची हलायची नाही. त्याने आल्या आल्या पान्याला हात लावला नाही. माझ्या वडिलांना, आबांना, एक चक्कर मारायला लावली आणि स्वतः कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून, ट्रॅक्टरच्या बाजूने चालत राहिला. मग चपला काढून वर चढला आणि अनवाणी पायाने पेडल हळूहळू दाबून पाहिलं.

"आबा, तुमना पाय बठ्ठा दिवस क्लचवरच ऱ्हास," तो म्हणाला. "प्लेट घासाई गयी."

दिवसभर क्लचवर पाय ठेवू नका, हेच मी कितीतरी वर्षं सांगत होतो. दर वेळी आबा उखडायचे, "तू माले शिकाडू नको!" त्या दिवशी मात्र ते चोरी पकडल्यासारखे हसले. नवी प्लेट बसल्यावर त्याला आपल्या बाजेवर शेजारी बसवून चहा पाजला. त्या बाजेवर ते कोणालाच टेकू देत नाहीत.

त्याच्या कसबाचा मला हेवा नाही. आबांच्या त्या हसण्याचा आहे.

आता आबांचा डावा पाय क्लचवर विसावत नाही. परवा मीही चपला काढून पेडल हळूहळू दाबून बघत होतो. आबा बांधावरून ओरडले, "नाटके नको करू. चप्पल घाल!"