बैलाला दिलेलं आवतण

गेवराई तालुक्यातल्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे असतानाची ती पोळ्याची सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. नावं सांगत नाही. दोघे सख्खे भाऊ होते एवढं पुरे.

आदल्या संध्याकाळी धाकटा ठाण्यात आला. गोठ्यातून बैल चोरीला गेला होता आणि संशय थोरल्या भावावर होता. बांधावरून भांडण होऊन दोघांची वाटणी झालेली. जमीन, पत्रे, विहिरीच्या पाळ्या, सगळं निम्मं. त्याच हिशेबात एका जोडीचे दोन बैलही दोन दावणींना गेले. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नव्हतं.

अर्ज घेऊन मी गोठ्याचा पंचनामा केला. खुंट्याला दावं नव्हतं; ते नीट गुंडाळून भिंतीतल्या खुंटीला अडकवलेलं होतं. चोर इतकी टापटीप ठेवत नाही, एवढं तेव्हा मनात नोंदलं.

सकाळी गावातून फोन आला की बैल थोरल्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर आहे. धाकटा आणि त्याची बायको ओळख पटवायला सोबत आले. दोन्ही बैल शेजारी शेजारी उभे राहून कडबा खात होते. दोघांच्याही खांद्यांना तूप-हळद लावलेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकून, मळून, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतात. कुणीतरी ते रीतसर केलं होतं.

थोरल्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “म्याच आनला. इळ्यानं दावं कापलं. लिहा तुमी.”

“गुन्हा दाखल करा साहेब,” धाकटा म्हणाला. तेवढं झालं असतं तर थोरला सणाच्या दिवशी कोठडीत गेला असता आणि ती दोन घरं कायमची तुटली असती.

मी थोरल्याला सांगितलं की दावं कापलेलं नाही, अख्खं आहे. गुन्हा कबूल करणारे पुष्कळ पाहिले, पण न केलेला कबूल करणारा बहुधा कुणाला तरी पाठीशी घालतो.

तेव्हा धाकट्याची बायको पुढे आली. “दावं म्या सोडलं. वाटणी झाल्यापासून बैल धड खात न्हाई. बांधापतोर नेला, फुडं त्यो आपला आपण गेला. भाऊजींनी लांबून बघितलंतं.”

मी थोरल्याला विचारलं, खोटं कशाला बोललात?

“माझ्यावर राग हायेच, आनखी वाढला तर काय बिघडतंय? तिला तितं नांदायचंय.”

धाकटा बायकोवर ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं बैलाच्या खांद्यावर हात ठेवला. हात पिवळा झाला. त्याकडे बघत, भावाकडे न बघता, त्यानं विचारलं, “आवतण दिलं का?”

“बैलाला दिलं,” थोरला म्हणाला. “तुला कावून द्यायचं? तू घरचाच हायेस.”

धाकट्यानं अर्ज मागे घेतला. स्टेशन डायरीत मी ‘बैल मिळून आला, तक्रार नाही’ असं लिहिलं.

त्यानंतर घरगुती तक्रार आली की कोण कुणावर आरोप करतोय हे मी नंतर बघायचो. आधी बघायचो, कोण कुणासाठी खोटं बोलतंय. तिथं अजून काहीतरी शिल्लक असतं. त्या दुपारी मिरवणुकीच्या बंदोबस्ताला गेलो, तेव्हा ती जोडी एकाच कासऱ्यात होती. कासरा धाकट्याच्या हातात होता.