लाल गावातला टिपर

फौजदार असताना तपासलेली ती चोरी आठवली की आजही दाताखाली धूळ कचकचते. नळदुर्गजवळच्या ढाब्यावरून खडी वाहणारा एक टिपर चोरीला गेला. ड्रायव्हर शेजारीच बाजेवर झोपलेला, म्हणून मालकानं फिर्यादीत संशय त्याच्यावरच घेतला. पोरगा ठाण्यात हात जोडून म्हणायचा, "साहेब, म्या कशाला विकू? माझं पोट हाय त्याच्यावर." टिपर सापडला नाही तर बेड्या त्यालाच पडणार होत्या.

खबऱ्याकडून कळलं, चोरीचे टिपर समुद्राकाठच्या एका खाणीच्या गावात नेऊन, नंबर बदलून चोरच चालवतात. मी, हवालदार आणि ओळख पटवायला तो ड्रायव्हर, तिघं साध्या कपड्यांत पर्यटक म्हणून निघालो.

खाणीच्या धुळीनं गाव लाल. छपरं लाल, माड लाल, वाळत घातलेली धुणी लाल, खाडीचं पाणी चहासारखं. आणि वेशीवर विकासाचा फलक. तोही लाल. टिपरची रांग अशी माखलेली की नंबर वाचता येईना.

मासे विकणाऱ्या आजीला हवालदार म्हणाला, "फिरायला आलोय."

"हय कोण फिराक येता? पोलीस मा तुमी?"

सोंग संपलं. मी सरळ विचारलं, आमच्याकडचा कुणी ड्रायव्हर आहे का इथं?

"ठावक नाय. पण एक येडो असा. दर मंगळवारी ट्रक धुता. हय ट्रक कोण धुता?"

मंगळवार म्हणजे तुळजाभवानीचा वार. आमच्याकडचे कितीतरी गाडीवाले त्या दिवशी गाडी धुऊन, कुंकू लावून मगच चावी फिरवतात. दुसऱ्याच दिवशी मंगळवार होता. सकाळी त्या लाल रांगेत एकच टिपर झगझगीत उभा. नंबरप्लेट बदललेली, पण चेसिस नंबर जुळला. आमचा ड्रायव्हर टायरलाच मिठी मारून बसला.

तो धुणाऱ्याला स्थानिक ठाण्यात नेलं, तर चोर म्हणाला, "मी इथलाच."

"मग मंगळवारीच गाडी का धुतोस?"

त्यानं कानाला हात लावला. मग म्हणाला, "आईच्या वाराला गाडी घाण कशी ठिवू, साहेब?"

"आन् चोरीची चालती व्हय तिला?" हवालदार म्हणाला. चोरालाही हसू आलं. कबुली तिथंच झाली.

समोर हात जोडून बसलेल्यावर संशय घेणं सगळ्यात सोपं, हे मी त्या तपासात शिकलो. एक टिपर नेणाऱ्याला बेड्या पडल्या. अख्खं गाव माखणाऱ्या खाणवाल्यांवर साधी तक्रार नव्हती. निवृत्तीनंतर हल्ली मी खाणींविरुद्ध पत्रकं वाटतो, ती त्यासाठीच.

मालक टिपर घ्यायला ठाण्यात आला. मी ड्रायव्हरकडे बोट दाखवून म्हणालो, "आधी याची माफी मागा."

ड्रायव्हर म्हणाला, "माफी ऱ्हाऊ द्या, मालक. त्याच ढाब्यावर जेवू घाला. आन् चावी आजपासून माझ्याच खिशात."

मालकानं खिशातून चावी काढून त्याच्या हातावर ठेवली.