चौथा वाफा

बकरी ईदला वणीच्या त्या मोहल्ल्यात मटणाचे वाटे हलीमाच करायची. तिच्या हाताला तराजू लागत नसे. आपल्या वाट्यात हाडंच जास्त आली, अशी तक्रार कधी कुणी केली नव्हती. मोहल्ल्यात तिचं आणखी नाव होतं ते पालकासाठी. नवरा जब्बार बॅटऱ्या दुरुस्त करायचा, त्याच्या दुकानामागे तिची तुकडाभर बाग होती. रमजानात निम्म्या मोहल्ल्याची भजी तिथल्या पालकाची असत.

मग तिच्या बहिणीची उमेरा कृषी महाविद्यालयातून सुट्टीला आली आणि सहज म्हणून माती नि पालक तपासायला घेऊन गेली. जब्बारचे वडील त्याच जागेवर ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडत. मातीत शिसं निघालं, पालकातही.

"खाला, हा पालक कोणाले देऊ नको. तूही खाऊ नको."

"माह्या पालकाले नावं ठेवून राह्यली?" हलीमाचा चेहरा उतरला.

जब्बारचा मात्र खुलला. त्याला तिथं शेड टाकायचीच होती. "सिमेंट ओततो. झंझट खतम!"

उमेरा मध्ये पडली. शिसं मातीतून जाणार नाही, पण ते मातीतच घट्ट बसवता येतं, मग मुळं ते फारसं ओढू शकत नाहीत, असं तिनं समजावलं. तिनं चार वाफे केले. एकाला चुना, एकाला हाडांची भुकटी, एकाला शेणखत. चौथा तसाच. ज्या वाफ्याच्या पालकात चौथ्यापेक्षा शिसं कमी उतरेल, तो उपाय खरा. एकही खरा ठरला नाही, तर जब्बारचं सिमेंट.

उमेरा वसतिगृहावर परतली. हलीमा रोज पाणी घालू लागली, आणि रोज तिचे पाय चौथ्या वाफ्यापाशी अडखळू लागले. तिघांना जेवण आणि याला नुसतं पाणी!

पालक कापून तपासायला गेला. अहवाल घेऊन उमेरा आली ती डोक्याला हात लावूनच.

"खाला, चारही वाफे सारखे! कॉलेजातली मॅडम म्हणते, पालकाच्या पिशव्या एकमेकीत मिसळल्या असतील."

"सारखे?" हलीमा खूश झाली. "मंग बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"तिघायच्या पोत्यातून एकेक ओंजळ त्याले देत होती ना मी. त्यानं काय गुन्हा केलता?"

उमेरानं अहवाल बाजेवर टाकला. जब्बार हसता हसता खोकू लागला. "अवो, ती माती आहे का पंगत?"

"खालू, हसू नका. शिसं पहिल्यापेक्षा कमी आहे, पण खाण्याजोगं नाही. आन ते कशानं कमी झालं, मोसम बदलल्यानं का खतानं, आता कोणाशी ताडून सांगू?"

"म्हंजे सिमेंट," जब्बार म्हणाला.

हलीमा एकदम उठून नवऱ्यापुढे उभी राहिली. "परवेजचे अब्बा, एक हंगाम द्या. मी हात आवरते."

"तुह्यानं होईल?"

"बाग जाईल त्यापरीस होईल."

जब्बारनं सिमेंटची पोती दुकानाच्या कोपऱ्यात रचली, समोरच, तिला दिसतील अशी.

नवं बी पडलं. तीन वाफ्यांना ज्याचं त्याचं देऊन हलीमा चौथ्याशी उकिडवी बसली. ओंजळ रिकामी होती. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तिनं माती हलकेच थोपटली.

"माफ कर बेटा," ती पुटपुटली, "तुले उपाशी ठेवल्याबिगर या तिघायचं कोणी खरं मानत नाही."