अळणी आमटी

कंपनीच्या तपासणीत यांचं ब्लडप्रेशर फार वाढलेलं निघालं आणि आमच्या घरात भांडी आदळायला लागली. हे लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टला होते. सासरे ऐन चाळिशीत हार्ट अटॅकनं गेलेले. म्हणून डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावलं, मीठ कमी करा, सुकी मासळी नको, तंबाखू आजपासून बंद, गोळी रोज.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "गोळी एकदा लागली की सुटत नाय. काय धाड भरली आहे मला?"

मी त्या दिवशी आमटीत मीठ कमी घातलं. पहिल्याच घासाला यांनी ताट भिंतीवर मारलं. मग हे रोजचंच झालं. आधी ताट, मग हात. गालावर वळ उठायचे. सासूबाई म्हणायच्या, "प्रेशर हाय गो त्याला, डोकं तापतं. तू उलट बोलू नको."

एका रविवारी यांनी सुके बांगडे आणले. मी भाजायला नकार दिला. चुलीशेजारचा लोखंडी तवा यांनी उचलून फेकला, तो माझ्या भुवईवर बसला. डोळ्यात रक्त उतरलं, काही दिसेना. हे पुन्हा अंगावर आले तेव्हा माझ्या हाताला कोयती लागली.

"एक पाऊल पुढे टाका, चिरून ठेवीन!"

मी खरंच चिरलं असतं. यांना ते दिसलं असावं. हे मागे सरले.

शेजारणीनं रिक्षातून दवाखान्यात नेलं. टाके घालून डॉक्टरांनी माझंही प्रेशर मोजलं, तर ते वाढलेलं निघालं. घाबरल्यामुळे असेल म्हणून आठवड्यानं परत बोलावलं. तेव्हाही तेवढंच.

"पण मला काहीच होत नाही, डॉक्टर. यांचं तर प्रेशरनं डोकं तापतं, हात उठतो."

"बहुतेकांना काहीच होत नाही, म्हणून तर मोजायचं. आणि घरच्या मारहाणीचं खापर प्रेशरवर फोडू नका, ताई."

मी गोळी सुरू केली आणि गुहागरजवळ अंजनवेलला माहेरी निघून आले.

पावसाळा सरता सरता हे कंपनीच्या बसमध्येच छाती धरून कोसळले. रत्नागिरीला नेलं, वाचले. मी भेटायला गेले. दाढी वाढलेली, छातीला वायरी, ओठ सुकलेले. कीव आली, खोटं कशाला बोलू. मी चमच्यानं पाणी पाजलं.

"घरी कधी येतेस?" यांनी विचारलं.

"येणार नाही."

यांनी गादीवर मूठ आपटली. सलाइनची नळी ताणली गेली, चादरीवर रक्त आलं. सासूबाई माझ्यावर ओरडल्या, "आजारी माणसाला असं बोलतात होय गो? मारशील त्याला!"

मी नर्सला हाक मारली, ती येईपर्यंत यांचा हात दाबून धरला. मग जिना उतरले आणि गुहागरची गाडी पकडली.