पुना आणि सुपडूची विहीर

तोताराम मास्तरांनी आयुष्यात एकच थाप मारली, आणि तीही एकट्यानं नाही. बाहत्तरच्या दुष्काळात बौद्धवस्तीची विहीर आटली. गावच्या विहिरीला पाणी होतं, पण तिथं वस्तीला मज्जाव. तेव्हा पाटील गल्लीतले विशीतले तोताराम आणि त्यांचा वस्तीतला जिवलग देवचंद यांनी डोकं लढवून एक गोष्ट रचली. चोपड्याजवळचं हे गाव म्हणे पुना आणि सुपडू या दोन मित्रांनी वसवलं. पुना पाटील गल्लीतला, सुपडू वस्तीतला. विहीरही दोघांनी मिळून खोदली. मास्तरांनी पारावर ही गोष्ट अशी रंगवली, की वर्षभरात म्हातारेच सांगू लागले, "हाई तं आम्हना आजानं सांगेल शे." पूर्वजांची स्तुती कुणाला कडू लागते? वस्तीला पाणी मिळालं. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी दोन्हीकडची माणसं एका दोराला हात लावून पहिली घागर काढू लागली. पन्नास वर्षं हे चाललं.

यंदा कुणाला तरी विहिरीवर नावं कोरायची हौस आली. आधी पुना की आधी सुपडू? शब्दानं शब्द वाढला, काठ्या निघाल्या. ग्रामसभेत मास्तर उठले. "भांडू नका भो. पुना बी नव्हता, सुपडू बी नव्हता. मीच रचेल शे ती गोठ." सुंठीवाचून खोकला जाईल, असं वाटलं बिचाऱ्यांना.

अखाजीला पाटील गल्लीनं घागर एकट्यानंच काढली. वस्तीला कुणी बोलावलं नाही.

मास्तर देवचंदच्या ओट्याशी जाऊन उभे राहिले. देवचंदनं बस म्हटलं नाही.

"खरं सांगानं व्हतं तं बठ्ठं सांगानं," तो म्हणाला. "ती हीर मन्हा आजानी खंदी, नि त्यालेच तठे पानी पेवानी बंदी व्हती. तुले ठाऊक शे. तुम्हना लोकेसले लाज वाटू नये म्हनीसन मी त्यानं नाव सोडं. ती गोठ मोडाना येळले माले इचारं बी नही तू."

मास्तर तसेच पारावर गेले आणि सगळ्यांसमोर उरलेलं खरं सांगू लागले. खोदणाऱ्याचं नाव सांगितलं, बंदी सांगितली.

"मास्तर, आते ही नवी गोठ का?" कुणीतरी म्हणालं, आणि पार हसला. हसणाऱ्यांत मास्तरांचा मुलगा ज्ञानेश्वरही होता.